वॉल तापू दे

हेडफोनची पिन मी सरळ प्रीअॅम्पच्या पाठीमागे जोडली आणि वसंतराव देशपांडे तलावाच्या पलीकडच्या पाळीवरून गात असल्यासारखे ऐकू आले. आवाज होता, शब्दही कळत होते. पण तबल्यातला डग्गा गायब, तानपुऱ्याचा खर्ज गायब. नॉब फिरवून आवाज वाढवला तर तान फाटायला लागली. मूर्तिजापुरात जन्मलेला, नागपुरात वाढलेला हा आमच्या विदर्भाचा गवई. त्याची तान अशी चिंधीसारखी फाटलेली ऐकवेना. पिन काढून ठेवली.

कुडवा गोंदियाला अगदी लागून आहे. गाव कुठे संपतं नि शहर कुठे सुरू होतं, हे आता रस्त्यालाच विचारावं लागेल. दिवसा रहदारी असते. रात्री उशिरा सगळं निवलं की हावडा-मुंबई मार्गावरच्या मालगाड्यांची धडधड तेवढी उरते. हेडफोन लावून गाणं ऐकायला ही वेळ फार चांगली. टेबलावर माझं सगळं सामान मांडलेलं होतं: गाणी वाजवणारा डबा, त्याच्यापुढे दोन काचेच्या नळ्यांचा प्रीअॅम्प, आणि आरसीएची लाल-पांढरी वायर हेडफोनच्या पिनेला जुळवणारा बाजारातला स्वस्त कन्व्हर्टर. पिन भोकात बसली म्हणजे जोडणी झाली, असं मी समजत होतो. पिन बसणं आणि जोडणी जमणं यांत काय अंतर आहे ते शोधायला मला पुढचे कित्येक दिवस लागले, आणि त्या शोधात मी नळीच्या पोटात, तलावाच्या पाळीवर आणि शेवटी स्वतःच्या कानात जाऊन पोचलो.

आधी ही नळी. लहानपणी आमच्याकडे रेडिओ बिघडला की गोंदियाच्या बाजारातले एक मिस्त्री काका तो उघडत. ते नळीला ‘वॉल’ म्हणत. सायकलच्या ट्यूबलाही वॉल असतो, तिच्यात ‘वॉल-ट्यूब’ घालतात, म्हणून मला वाटे की रेडिओतही हवा भरत असतील. प्रत्यक्षात गोष्ट बरोबर उलटी होती: या वॉलमधली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली असते. अमेरिकेत हिला ट्यूब म्हणतात, इंग्लंडात व्हॉल्व, म्हणजे झडप. सायकलीला एकाच जागी दोन्ही शब्द लागतात, हा आपल्याकडचा मजेदार योगायोग.

मी घाईने बटण फिरवून ‘काका, आवाज नाही येत’ म्हटलं की ते मान वर न करता म्हणत, ‘अबे, वॉल तापू दे ना आधी.’ अर्धं मिनिट जाई. काचेच्या आत केशरी ठिपका उजळे, आधी गुणगुण येई, आणि मग जणू कुणीतरी खोलीचं दार उघडावं तसं नागपूर केंद्र आत येई.

तापतं ते काय? नळीच्या मधोमध एक बारीक धातूची नळकांडी असते, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप. हा कॅथोड. तो साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला पोचला की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन अक्षरशः उडायला लागतात, तापलेल्या दुधावर वाफ धरावी तसे. भोवती धातूची प्लेट असते, तिच्यावर शे-दीडशे व्होल्टचा धन दाब. इलेक्ट्रॉन तिच्याकडे झेपावतात. दीडशे व्होल्टला त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ७ हजार किलोमीटर भरतो. माझ्या खिडकीतून ऐकू येणाऱ्या गाडीला हावड्याहून मुंबईपर्यंत जवळजवळ २ हजार किलोमीटर कापायचे असतात. हा कण ते सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत कापेल. नळीत त्याला जेमतेम काही मिलिमीटरच जायचं असतं.

आणि तेच इलेक्ट्रॉन बाहेर तांब्याच्या वायरीत आले की? हेडफोनच्या बारीक वायरीत काही मिलिअँपिअरचा प्रवाह असला, तर तिथे इलेक्ट्रॉनांची सरासरी सरक सेकंदाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. एकाच दिशेने प्रवाह चालू राहिला तरी तासाला दीडएक सेंटिमीटर. गाण्यात तर तो सतत पुढे-मागे होतो, त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन जागच्या जागी मीटरच्या अब्जाव्या भागाएवढा डोलतो आणि तेवढंच. वसंतरावांची तान वायरीतून धावत येते हे आपलं बोलणं झालं. वायरीत कुणीच फारसं धावत नाही. गर्दीत एकाने ढकललं की शेवटच्याला धक्का बसतो, तसा तो दाब पुढे जातो.

कॅथोड आणि प्लेट एवढंच असलेली नळी जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली केली. तिच्यातून प्रवाह एकाच दिशेने जाई, म्हणून ती झडप. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोघांच्या मध्ये एक वेडीवाकडी तार घातली. हीच ग्रिड, म्हणजे जाळी. गंमत म्हणजे आपली नळी का चालते हे डी फॉरेस्ट यांना नीट उमगलं नव्हतं. आत थोडा वायू असलाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. पुढे आयर्व्हिंग लँगम्युअर आणि हॅरल्ड अर्नोल्ड यांनी स्वतंत्रपणे ती पूर्ण निर्वात केली आणि ती भरवशाची झाली. इतकी भरवशाची, की जानेवारी १९१५ मध्ये न्यू यॉर्कचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाशी तारेवरून बोलला, तेव्हा वाटेत क्षीण होणारा आवाज मध्ये-मध्ये या नळ्यांनीच उचलून धरला होता.

जाळी काय करते हे समजायला आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना पुस्तक लागू नये. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आहेत, शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाने बांधलेले. नवेगाव बांधचं श्रेय कोलू पाटलाला देतात. पाळीच्या पोटातून धानाच्या बांध्यांना पाणी सोडायची जी जागा असते तिला तुडूम म्हणतात. एवढ्या मोठ्या तलावाचं पाणी आणि त्याच्या तोंडाशी एक बूच. बूच हलवायला माणसाला जेमतेम जोर लागतो, पण त्या हालचालीने पाटात किती पाणी जायचं ते ठरतं. पाणी ढकलतो तलाव. माणूस फक्त बूच हलवतो. नळीतल्या जाळीवरचा गाण्याचा क्षीण दाब म्हणजे हा बूच हलवणारा हात. जाळी स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. ती नुसती थोडी जास्त ऋण, थोडी कमी ऋण होते आणि समोरून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्यावर गाण्याचा आकार उमटतो. माझ्या प्रीअॅम्पमध्ये आहे ती ईसीसी८३ जातीची नळी. हिचा वर्धनांक १०० आहे. भारतात असल्या रेडिओच्या नळ्या साठच्या दशकात बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवल्या. जुन्या रेडिओत बीईएलची अक्षरं असलेली काच अजून सापडते.

नळीच्या डोक्यावर आतून चांदीसारखा आरसा दिसतो ना, तो शोभेचा नाही. नळी बंद केल्यावर आत बेरियमची वाफ करून तो काचेवर बसवलेला असतो. उरलासुरला वायू तो गिळत राहतो. काच तडकली आणि हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. मिस्त्री काका नळी उजेडाकडे धरत आणि डोकं पांढरं दिसलं की न बोलता बाजूला ठेवत.

आता माझी चूक. ईसीसी८३ मधून शांत अवस्थेत साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण १ मिलिअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख अब्ज इलेक्ट्रॉन. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वाटले तर दर सेकंदाला माणशी साडेसात लाखांच्या वर येतील. एवढं सैन्य असूनही हेडफोनपुढे ते कमी पडतं. माझा हेडफोन ३२ ओहमचा. त्याला १ मिलिवॅट द्यायचा तर दाब लागतो फक्त ०.१८ व्होल्ट, पण प्रवाह लागतो साडेपाच मिलिअँपिअर, आणि लाटेच्या शेंड्याला आठच्या आसपास. जिच्याकडे एकच आहे तिच्याकडे मी आठ मागत होतो. तान फाटत होती ती इथे.

आणि डग्गा? नळीचे शे-दीडशे व्होल्ट बाहेर येऊ नयेत म्हणून शेवटी एक कपॅसिटर असतो. तो स्थिर दाब अडवतो, डोलणारा दाब जाऊ देतो. पण किती हळू डोललेलं चालेल हे त्याच्या मापावर आणि पुढच्या-मागच्या अडथळ्यावर ठरतं. माझ्या प्रीअॅम्पच्या तोंडाशी सुमारे ६०० ओहमचा अडथळा आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याला ३२ ओहमचा हेडफोन जोडला की साधारण २५० हर्ट्झच्या खालचे स्वर उतरणीला लागतात. डग्ग्याचा घुमारा, खर्जाची तार, सगळं तिथेच राहतं. शिवाय ६०० आणि ३२ एका रांगेत आले की दाबाची वाटणी होते आणि हेडफोनच्या वाट्याला विसावा हिस्सा येतो. पाणी तुडुंब आहे, तलावाची उंचीही आहे. पण बाहेर पडायची नळी बोटाएवढी आणि खाली दहा एकराची बांधी आ वासून पडलेली. पाटाचं तोंड बंद असेतो पाळीला दाब दिसतो, बांधी उघडली की पातळी धाडकन खाली.

म्हणून मध्ये हेडफोन अॅम्प लागतो. मला सगळ्यात थक्क करून गेलेली गोष्ट हीच, की अनेकदा त्याला दाब वाढवायचाच नसतो. माझ्या गाणी वाजवणाऱ्या डब्यातूनच २ व्होल्ट निघतात, आणि हेडफोनला तर पाव व्होल्टही भरपूर. मी आधी नॉबने ते कमी करतो, मग नळीने वाढवतो, मग पुन्हा कमी करतो. हिशेबी माणूस हसेल. हेडफोन अॅम्पचं खरं काम वेगळं: मागच्याकडून जवळजवळ काही न घेणं आणि पुढच्याला मागेल तेवढं देणं. ते काम तिथे ट्रान्झिस्टर करतो, १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मलेला. नळीला जे जड जातं, कमी दाबाला भरपूर प्रवाह देणं, ते त्याला सहज जमतं. म्हणजे माझ्या टेबलावर १९०६ आणि १९४७ यांना जोडणारी एक अर्ध्या मीटरची लाल-पांढरी वायर होती. दुकानात हेडफोनच्या मोठ्या पिनेला पी-३८ म्हणतात आणि बारकीला ईपी. तेवढं माहीत असलं की दुकानदार आदराने बघतो.

जोडताना एकच आकडा विचारायचा: हेडफोन अॅम्पच्या तोंडाशी किती ओहम? मागच्याच्या निदान दहापट हवेत. माझ्या ६०० ओहमला १० हजार ओहमचा अॅम्प खुशाल चालतो. पण सगळे प्रीअॅम्प असे नसतात. ज्यात शेवटी कॅथोड फॉलोअर, म्हणजे कॅथोडवरून आवाज बाहेर देणारी नळी, नाही आणि आवाज सरळ ईसीसी८३ च्या प्लेटवरून बाहेर येतो, तिथे ६०० च्या जागी ४० हजार ओहम बसलेले असतात. अशा नळीला १० हजारांचा अॅम्प जोडला तर पाचातला एकच हिस्सा पुढे जातो, आणि नळीला ओढ लागून ती वाकडं बोलायला लागते. तिला दहापटीचा सोबती सापडला नाही, तरी निदान १ लाख ओहमच्या वरचा शोधावा. वायरही तिथे आखूड हवी. केबलच्या आत-बाहेरच्या तारा मिळून एक छोटा कपॅसिटरच असतो. मीटरला १०० पिकोफॅरड धरले आणि ४० हजार ओहमला तीन मीटर लावली, तर १३ हजार हर्ट्झच्या पुढे उतार लागू शकतो. घुंगरांची कड, झांजेची धार, हे वायरीत झिरपून जातं. लोक मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांसाठी पैसे मोजतात. मला विचाराल तर पिनेपेक्षा लांबीकडे बघा.

कुठून जोडायचं हाही एक सापळा आहे. प्रीअॅम्पच्या पाठीवर बहुधा दोन जोड्या असतात: ‘टेप आउट’ आणि ‘प्री आउट’. टेप आउट ही जुन्या टेपरेकॉर्डरची जागा. तिथला आवाज नॉबच्या आधी काढलेला असतो. हेडफोन अॅम्पला स्वतःचा नॉब आहे म्हणून बरेच जण तिथे जोडतात आणि ते सोयीचंही आहे. पण पुष्कळ प्रीअॅम्पमध्ये त्या वाटेवर नळीच येत नाही! आत आलेला आवाज तसाच बाहेर. म्हणजे नळ्या समोर केशरी तापत बसल्या आहेत, आपण डोळे मिटून ‘वा, काय ऊब’ म्हणतोय, आणि आवाज त्यांना स्पर्शही न करता मागच्या दाराने गेलाय. नळीतून ऐकायचं तर प्री आउटच धरावं. मग दोन नॉब हातात येतात. मी प्रीअॅम्पचा मध्यावर ठेवतो आणि हेडफोन अॅम्पच्या नॉबने ऐकतो. उलट केलं तर मागच्या यंत्राची गुणगुणही पुढच्यात मोठी होते. आणि एकाच जागेवरून दुतोंडी वायरने स्पीकरचा अॅम्पही चालवायचा असेल, तर दोघांच्या मागण्या जमेला धराव्यात: ४७ हजार आणि १० हजार मिळून नळीला सव्वाआठ हजारच दिसतात. त्यातला एक अॅम्प बंद ठेवला तर तो मागणी थांबवतो, असंही नाही. काही ट्रान्झिस्टर अॅम्प बंद असताना जास्त त्रास देतात, आणि आपण आठ दिवस नळी बदलत बसतो.

नळीने आवाज गोड होतो का? होतो, आणि त्यात जादू नाही. नळी थोडी वाकडी वर्धित करते. षड्ज आत गेला तर बाहेर षड्ज येतोच, पण त्याच्याबरोबर दुप्पट कंपनांचा, म्हणजे तार षड्जाचा, एक पुसट छायास्वर येतो. त्याहून पुसट तिसरा, तो तार सप्तकातला पंचम. दोन्ही मूळ स्वराशी जुळणारे, म्हणून कानाला बोचत नाहीत. आपल्याला हे नवीन वाटू नये, कारण मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच हाताने करत आले. तानपुऱ्याची घोडी सपाट-गोलसर घासायची, तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, की तार घोडीला चाटून जाते आणि एका स्वरातून स्वरांचा अख्खा फुलोरा उमलतो. ती जवारी. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या छायास्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उमटूच नयेत, असं पाश्चात्त्य शास्त्र सांगत होतं. तानपुऱ्यात ते खणखणीत ऐकू येत होते. रामन यांनी कारण दाखवलं ते घोडीच्या वक्रतेत. नळी ही काचेतली हलकीशी जवारी आहे, असं मी समजतो. तिचं प्रमाण मात्र फार कमी असतं. चांगल्या प्रीअॅम्पमध्ये हळू आवाजाला हे छायास्वर इतके क्षीण असतात, की ऐकू येणाऱ्या गोडव्यातला काही वाटा त्या केशरी उजेडाचा असावा. मला तेही चालतं.

मुळात ऐकू येणारा आवाजच किती क्षीण असतो, याचा हिशेब एका रात्री कागदावर केला. हेडफोन १ मिलिवॅटला १०० डेसिबल देतो असं धरा. घरात शांतपणे ऐकायला ७० पुरतात. ३० डेसिबल खाली म्हणजे हजारावा हिस्सा: १ मायक्रोवॅट. मी जे ऐकत होतो, अख्खा तानपुरा, तबला आणि वसंतराव, ते वॅटच्या दहा लाखाव्या भागात मावत होतं. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. दगडी कोळसा जळतो, वाफ फिरते, आणि त्या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला कुडव्यातल्या एका कानात एक मायक्रोवॅट. वाटेत नळीच्या नुसत्या तापण्यालाच १.९ वॅट लागतात, म्हणजे गाण्याच्या एकोणीस लाख पट. एवढा खर्च बूच हलकं ठेवण्यासाठी. गाणं एवढं क्षीण असतं म्हणून गुणगुणही फार सांभाळावी लागते: ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा एक कण आत आला तरी हेडफोनमध्ये तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ऐकू येतो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डाला लावली, ट्रान्सफॉर्मर एकमेकांपासून हातभर दूर ठेवले, तेव्हा माझं पोळं शांत झालं.

चालू करायचा क्रम मात्र मिस्त्री काकांचाच. आधी प्रीअॅम्प, मग थांबा. तापताना त्या शेवटच्या कपॅसिटरमध्ये दाब भरत असतो आणि तेव्हा बाहेर एक मोठा झटका येतो. स्पीकरला तो ‘धप्प’ होतो, पण हेडफोन तर कानालाच चिकटलेला. म्हणून मिनिटभराने हेडफोन अॅम्प, नॉब शून्यावर, आणि सगळ्यात शेवटी हेडफोन डोक्यावर. बंद करताना उलटं. झाकण उघडायचा मोह झाला तर आवरा: वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर कित्येक मिनिटं जीवघेणा दाब धरून बसतात.

हे सगळं जमल्यावर पुन्हा तीच तान लावली. डग्गा परत आला, तानपुरा खोलीभर पसरला. मग एक विचार डोक्यात बसला तो उठेचना. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात, तेव्हा मंडपावर भोंगे बांधलेले असतात. भोंग्याच्या बुडाशी टिचभर पडदा असतो. तो उघड्यावर कंप पावला तर हवा नुसती बाजूला सरकेल. भोंग्याचं तोंड हळूहळू रुंद होत जातं आणि तो छोटा जोर मोठ्या हवेला पेलवतो. म्हणजे हाही हेडफोन अॅम्पच, पत्र्याचा. एकाकडे दाब आहे, दुसऱ्याला लोंढा हवाय, मध्ये जुळवणारा पाहिजे.

आणि हेडफोनपासून पुढे? कानाच्या पडद्यापर्यंत हवा आहे, पण ऐकण्याचं काम होतं आतल्या शंखात, द्रवात. हवेतला आवाज सरळ पाण्यावर आपटला तर हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरतात. तलावात डुबकी मारल्यावर काठावरची हाक ऐकू येत नाही ती म्हणूनच. माझी ती पहिली चुकीची जोडणी, हुबेहूब. इथे मात्र मध्ये तीन हाडं बसवलेली आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. पडद्याचं क्षेत्रफळ मोठं, रिकिबीखालच्या खिडकीचं त्याच्या सतराव्या-अठराव्या हिश्शाएवढं, वर थोडी तरफेची मदत. मिळून दाब वीस-बावीस पट होतो आणि आवाज पाण्यात उतरतो.

एवढ्यावर भागत नाही. शंखाच्या आतल्या एका पोकळीत जो द्रव आहे त्याच्यावर सुमारे ८० मिलिव्होल्टचा स्थिर धन दाब असतो. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी तो १९५२ साली मोजला, आणि श्रवणाच्या कामासाठी १९६१ चं नोबेल त्यांना मिळालं. नळीला प्लेटचा दाब लागतो, तसा हा कानाचा प्लेटचा दाब. ऐकणाऱ्या पेशींचे केसांसारखे तंतू त्या द्रवात उभे आहेत. तंतू झुकले की त्यांच्या टोकांवरच्या सूक्ष्म झडपा उघडतात आणि पोटॅशियमचे कण आत लोटतात. लोटणारा जोर त्या ८० मिलिव्होल्टचा. आवाज फक्त बूच हलवतो. हा वॉल मात्र ३७ अंशांवर कायम तापलेलाच असतो.